किंमत उतरते, खुराक उतरत नाही

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत कुणाच्या दारात गाडी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कितीला पडली?’ गाडी कुठली, कशी चालते, ॲव्हरेज किती देते हे सगळं नंतर.

उभा मारुती चौकात माझ्या भाच्याने एका शनिवारी रात्री एक काळी जर्मन सेडान आणून उभी केली, तेव्हा रविवारी सकाळीही हेच झालं. गाडी अजून घेतलेली नव्हती. दुसऱ्या शहरातल्या एका विक्रेत्याने ट्रायलसाठी पाठवली होती. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, आठ गिअरचा ऑटोमॅटिक, वय नऊ वर्षं. नवी असताना साठ लाखांच्या घरात गेलेली, आता सतरा लाख सांगत होते. दहा मिनिटांत चौकात दोन पक्ष पडले. पेठेत दोन पक्ष पडायला फुटबॉलची मॅचच लागते असं नाही. एक पक्ष म्हणाला, ‘घे भावा, सतरा लाखांत आज काय येतंय? साठ लाखांची गाडी हाय ही.’ दुसरा म्हणाला, ‘पांढरा हत्ती हाय. सोंडंकडनं खाईल आणि तुलाच विकायला लावील.’

मला दोन्ही पक्ष चुकीचे वाटतात. का, ते सांगतो. आधी पहिल्या पक्षाकडे वळू, कारण नुकसान त्याच्याच सल्ल्याने जास्त होतं.

‘साठ लाखांची गाडी सतरा लाखांत’ या वाक्यात अर्धंच खरं आहे. गाडी सतरा लाखांत मिळते, पण तिचा खर्च साठ लाखांच्या गाडीचाच राहतो. किंमत कशामुळे उतरते ते बघा. पहिला मालक नवेपणाचे पैसे मोजतो, आणि नवेपण तर शोरूमच्या दारातच संपतं. विम्याच्या रूढ कोष्टकात पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्मी धरतात. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर मालक दरवर्षी घसारा दाखवून करात सूट घेतो, म्हणून चार-पाच वर्षांनी ती विकायला त्याचा हात अडत नाही. त्याच सुमाराला वॉरंटीही संपलेली असते. अशा कारणांनी बाजारभाव कोसळतो. पण एअर सस्पेन्शनचा फुगा, ब्रेकच्या डिस्क, टर्बो, हेडलाइटचा संच यांना गाडीचं वय कळत नाही. ते नव्या गाडीच्याच भावाने मिळतात, आणि दरवर्षी थोडे महागच होतात.

तालमीच्या गल्लीत वाढलेल्या माणसाला हे समजायला अवघड जायला नको. पैलवान सांभाळायचा म्हटलं की वस्ताद आधी खुराकाचं विचारतो: दूध, तूप, बदाम, मटण रोजचं कोण देणार? पैलवान मैदानात हरला म्हणून त्याची भूक कमी होत नाही. जुनी आलिशान गाडी तशीच असते. बाजारात तिची किंमत उतरते, खुराक उतरत नाही. मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे, आणि पुढचा सगळा हिशोब यावरूनच मांडायचा आहे.

याच पक्षाचं दुसरं हत्यार म्हणजे किलोमीटर. ‘फक्त बावीस हजार पळालीया’ हे वाक्य कानावर पडलं की आपले लोक विरघळतात. बावीस हजार हा मीटरवरचा आकडा असतो, आणि मीटर बदलता येतो. तो खरा धरला, तरी नऊ वर्षांत बावीस हजार म्हणजे महिन्याला दोनशे किलोमीटर. एवढी कमी चाललेली डिझेल गाडी गल्लीत, सिग्नलला, थंड इंजिनावर फिरलेली असते. धूर गाळणाऱ्या फिल्टरला, म्हणजे डीपीएफला, स्वतःमधली काजळी जाळायला लांबचा, तापलेला प्रवास लागतो. तो मिळाला नाही की फिल्टर तुंबतो. रबरी नळ्या आणि बुश गाडी उभी असली तरी वयाने कडक होतात, बॅटरी मरते. टायरची नुसती नक्षी बघू नका. त्याच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात: २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी रबर म्हातारं असू शकतं. त्यापेक्षा नव्वद हजार किलोमीटर हायवेवर पळालेली, दर दहा हजाराला तेल बदललेली आणि बिलांची फाइल असलेली गाडी मी डोळे झाकून पुढे ठेवीन. म्हणजे फाइल डोळे उघडे ठेवून वाचल्यावर.

तिसरं हत्यार दिल्ली. ‘दिल्लीची गाडी चार लाखांनं स्वस्त गावती’ हे खरं आहे, आणि त्याचं कारणही आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षं ही मर्यादा कायम केली. २०२५ मध्ये तिच्या अंमलबजावणीवरून बरंच वरखाली झालं, पण तोवर नऊ वर्षांची डिझेल गाडी दिल्लीतून बाहेर काढायची घाई बाजाराच्या अंगवळणी पडली होती. ती स्वस्ताई आपल्या दारात येईपर्यंत टिकते का ते बघा. तिकडच्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, हवं. कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे नवा नंबर घ्यावा लागतो, म्हणजे आपल्याकडे एमएच-०९. त्यासाठी महाराष्ट्राचा कर भरायचा. खाजगी नावावर वीस लाखांवरच्या नव्या डिझेल गाडीला हा दर १५ टक्के आणि पेट्रोलला १३ टक्के आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी होतो, पण शून्य होत नाही. दिल्लीत भरलेला कर परत मागायचा तर त्यासाठी तिकडचे हेलपाटे. चार लाखांची स्वस्ताई मोजताना हे आकडे कुणी मांडत नाही.

शिवाय पाणी. हे कोल्हापूरकराला कुणी शिकवायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच वेळ आली. शाहूपुरी, कुंभार गल्ली, सुतारवाडा पाण्यात गेले. मुंबई, चेन्नई, बंगळूर अशा शहरांतही गाड्या बुडतात. वर पॉलिश मारून त्या पुन्हा बाजारात आल्या तर ओळखायच्या कशा? सीटबेल्ट पूर्ण ओढा, अगदी शेवटपर्यंत. रिळात गुंडाळलेला शेवटचा हातभर पट्टा कुणी धूत नाही. त्यावर पिवळसर गाळाची रेघ दिसली की गाडीचा दरवाजा लावायचा आणि घरी यायचं. आलिशान गाडीत कॉम्प्युटरचे डबे आणि वायरिंग कार्पेटखालीही असतं. गाळ तिथे शिरला की बिघाड आज नाही, पुढच्या पावसाळ्यात बोलतो.

आता दुसरा पक्ष. ‘पांढरा हत्ती, नादच नको.’ हा सल्ला शहाणपणाचा वाटतो, पण त्यात आळस आहे. वीस लाखांची नवी एसयूव्हीसुद्धा पहिल्या वर्षी मोठा तुकडा गमावतेच, तिला आपण पांढरा हत्ती म्हणत नाही. आणि वेगवान गाडी म्हणजे फक्त दोनशेचा काटा, ही समजूतही चुकीची. आपल्या रस्त्यांवर दोनशेने कुणी पळायचं नाही आणि पळूही नये. चांगल्या परफॉर्मन्स गाडीची ताकद ब्रेकमध्ये असते, वळणावर टिकणाऱ्या सस्पेन्शनमध्ये असते. गगनबावड्याच्या घाटात पावसात समोरून एसटी आली, की इंजिनाच्या घोड्यांपेक्षा ब्रेकच्या डिस्क जास्त उपयोगी पडतात.

‘कोल्हापुरात ही गाडी दुरुस्त कोण करणार?’ हा त्यांचा दुसरा आक्षेप. या गावाने तेलाची इंजिनं घडवली आणि ओतकामात नाव कमावलं. शिवाजी उद्यमनगरात लेथवर बुश कातणारा, पाण्याचा पाइप पितळेत बनवून देणारा माणूस आजही आहे. हात आहेत. अडतं ते सॉफ्टवेअरपाशी. नवी किल्ली कोड करणं, गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर जुळवणं, यासाठी त्या कंपनीचं उपकरण लागतं आणि कधी पुण्याला जावं लागतं. म्हणून आक्षेप उलटा करून घ्यावा. दुरुस्त कोण करणार हे आधी विचारा, आणि ज्या गाडीचं उत्तर जवळ आहे तीच घ्या.

जुनी भारी गाडी सांभाळता येत नाही असं म्हणणाऱ्याने तर दसऱ्याला दसरा चौकात उभं राहावं. छत्रपती घराण्याची भगव्या रंगाची मेबॅक दरवर्षी शमीपूजनाला तिथे येते. ती १९३० च्या दशकातली आहे. ती घडवणारी कंपनी झेपेलिन वायुनौकांची इंजिनं बनवायची. ती दुसऱ्या महायुद्धात गाड्यांच्या धंद्यातून बाहेर पडली आणि नाव पुढे दुसऱ्यांकडे गेलं. तरी गाडी चालते, कारण तिचा खुराक कुणीतरी कधी थांबवला नाही.

मग निवड कशी करायची? माझा हिशोब असा. गाडीला ठरवलेल्या पैशांतला एक तृतीयांश भाग बँकेत राहिलाच पाहिजे. सतरा लाख असतील तर गाडी अकरा-साडेअकराची बघायची. बँकेतले पैसे खर्च होतीलच असं नाही, पण झाले तर घरातलं दुसरं काही विकावं लागू नये.

दुसरं, इंजिन नावाने निवडावं, बिल्ल्याने नाही. बीएमडब्ल्यूच्या २००७ नंतरच्या एन-४७ या दोन लिटर डिझेलमध्ये टायमिंग चेन मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेनचं काम निघालं की मोठी उचलाउचल होते. हे आधी माहीत असलं तर चेन बदलल्याचं बिल मागता येतं. झेडएफ या कंपनीच्या आठ गिअरच्या बॉक्समधल्या तेलाला गाडी बनवणारे ‘आयुष्यभराचं तेल’ म्हणत आले, पण झेडएफ स्वतः ८० हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या आत तेल बदलायला सांगते. बिल नसेल तर तो खर्च किमतीतून वजा. तुमची पहिलीच वेगवान गाडी असेल तर स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस सारखी गाडी बघा. २०१७ ला आलेल्या आरएस २३० मध्ये २३० अश्वशक्ती आहे, आणि बरेच भाग साध्या ऑक्टाव्हियाचेच. खुराक माहितीतला.

तिसरं, कागद. मालक एकच असावा आणि दोन्ही किल्ल्या असाव्यात. पैसे दिल्याबरोबर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आणि नाव लगेच बदलायचं. नाव बदललं नाही तर अपघाताची जबाबदारी आरटीओच्या दफ्तरात ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. विम्याचा नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही.

आणि ट्रायल. ती हायवेवर घेऊ नका. हायवेवर सगळ्याच गाड्या गोड वागतात. रेडिओ बंद, काचा खाली, आणि पेठेतल्या गतिरोधकांवरून एकेका चाकाने सावकाश जा. कट असा आवाज आला तर बुश किंवा बॉल जॉइंट. कुई असा आला तर रबर सुकलेलं. गल्लीच्या कोपऱ्यावर मांडव असताना गाडी वळते का, पोट घासतं का, हेही आधीच बघून ठेवा. रोज तिथूनच जायचं आहे.

त्या रविवारी भाच्याला मी एवढंच म्हटलं, ‘सुरू करायच्या आधी बॉनेटवर हात ठेव.’ त्याने ठेवला. गाडी रात्रभर बंद होती असं विक्रेत्याचा माणूस सांगत होता, आणि पत्रा चांगला गरम होता. कुणीतरी पहाटेच ती सुरू करून थंड इंजिनाचा आवाज झाकला होता. भाचा हसला आणि म्हणाला, ‘मामा, तुम्ही म्हणाल तसं.’ चहा पाजून गाडी परत पाठवली.

चार महिन्यांनी त्याने साडेअकरा लाखांत, पंच्याण्णव हजार पळालेली, एका मालकाची, बिलांच्या जाड फाइलची गाडी घेतली. पहिल्याच महिन्यात गिअरबॉक्सचं तेल, चारही टायर आणि पुढचे बुश बदलले. चौकातल्या पोरांनी नेहमीचा प्रश्न टाकला, ‘कितीला पडली?’

भाचा म्हणाला, ‘अजून पडतीया की.’