किनव्याआधी नाचणी
किनवा खावा का, असं राजापूरहून एका वाचक ताईंनी विचारलं आहे. जरूर खावा. १०० ग्रॅम कोरड्या दाण्यात सुमारे १४ ग्रॅम प्रथिनं, शिवाय शरीराला अन्नातूनच मिळवावी लागणारी नऊही अमिनो आम्लं. फक्त कडवटपणा जाईस्तोवर चोळून धुवायचा. पण ताई, आधी नाचणीचा डबा काढा. तिच्यात प्रथिनं निम्मीच, पण कॅल्शियम १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास; तांदूळ-गहू तिच्या पासंगालाही पुरत नाहीत. नाचणीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं, ते कुळथात भरपूर. म्हणजे गरम भाकरीचा तुकडा मोडून कुळथाच्या पिठीत बुडवायचा, ही आपल्या आज्यांची जोडी अगदी नेमकी. मुलांसाठी नाचणी रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, सावलीत वाळवून दळा. मोडांमुळे फायटिक आम्ल घटतं, लोह अंगी लागतं. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ साल किनव्याला दिलं, २०२३ नाचणीसारख्या भरडधान्यांना. मला मात्र काळजी वाटते ती नाचणी पिकवणाऱ्या कोकणातल्या वरकस उतारांची. आंबा-काजूच्या कलमांखाली ते जात चाललेत, आणि भर पावसात वाकून नाचणीची रोपं लावणाऱ्या बाईच्या हाती अजून पुरेसा भाव पडत नाही.