मनी प्लांट मागून घ्या

‘मनी प्लांट चोरून आणला तरच वाढतो’ हे आपल्यापैकी बहुतेकांनी घरी कधी ना कधी ऐकलेले असते. आमच्या डॉर्मिटरीत सहा राज्यांतील मुले आहेत. त्यांच्या भाषा वेगळ्या, पण ही समजूत सगळ्यांकडे सारखीच. ऐकायला ती गमतीची वाटते. तरी माझे मत असे की आपल्यासारख्या शाळेत ती गंमत म्हणूनही चालू देऊ नये. शिवाय ती खोटी आहे.

खोटी कशी, ते आधी पाहू. पानाचा देठ वेलीला जिथे जुळतो तिथे एक गाठ असते आणि तिच्याजवळ मुळाचे छोटे तपकिरी टोक दिसते. मुळे आणि नवा कोंब या गाठीतूनच फुटतात. नुसते पान पाण्यात ठेवले तर ते बरेच दिवस हिरवे राहील, पण त्याची वेल होणार नाही. चोरणारा घाईत असतो. जाता जाता हाताला येईल ते पान ओढतो आणि गाठ मागेच राहते. मागणाऱ्याला मात्र घरचे लोक कात्रीने नीट तुकडा कापून देतात, वर चार सूचनाही देतात. मग चोरलेलाच वाढतो असे लोकांना का वाटते? कारण मनी प्लांट मुळातच चिवट आहे. जो चोरलेला तुकडा जगतो त्याची गोष्ट सगळे सांगतात. जो कुजतो त्याबद्दल कोणी बोलत नाही.

लावण्याची रीत सोपी आहे. दोन-तीन पाने असलेला तुकडा गाठीच्या थोडा खाली कापावा. खालचे पान काढून ती गाठ पाण्यात बुडवावी. बाटली खिडकीजवळ उजेडात, पण थेट ऊन लागणार नाही अशी ठेवावी. उबदार हवेत दोन ते चार आठवड्यांत मुळे येतात. ती दोन इंच झाली की तळाला भोक असलेल्या कुंडीत, माती आणि शेणखताच्या मिश्रणात लावावे. वरची इंचभर माती कोरडी झाली की मगच पाणी घालावे. हे झाड पाण्यावाचून क्वचित मरते. जास्त पाण्याने मुळे कुजून मरते. बाटलीतले पाणी मात्र दर आठवड्याला बदलायचे आणि बाटली आतून घासायची. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. घरी लहान भाऊ-बहीण किंवा मांजर असेल तर वेल उंचावर टांगावी, कारण पान चावल्यास तोंडाची आग होते.

आता देणाऱ्याचे काय? त्याचे काहीच कमी होत नाही. वेल कापली की राहिलेल्या गाठींतून नवे फुटवे येतात आणि झाड अधिक दाट होते. ही वेल मूळची पॅसिफिक महासागरातील मोरेआ बेटावरची. लागवडीत तिला फुले जवळजवळ येतच नाहीत, म्हणून बियाही मिळत नाहीत. फुलण्यासाठी लागणारे जिबरेलिन नावाचे संप्रेरक तिच्यात पुरेसे तयार होत नाही, हे 2016 मधील संशोधनातून समोर आले. म्हणजे आपल्या व्हरांड्यातली वेल ही कोणाच्या तरी वेलीचा तुकडाच आहे. जी वस्तू दिल्याने देणाऱ्याचीही वाढते, ती चोरायची कशाला?

काही मित्र म्हणतात, ‘एका पानासाठी एवढे गंभीर कशाला व्हायचे?’ प्रश्न पानाचा नाही. चोरलेल्या वेलीला कोणी चोरी म्हणत नाही. ‘उचलली’, ‘ढापली’ असे हसत म्हणतात. हेच शब्द होस्टेलमध्ये बुटाच्या पॉलिशच्या डबीला, साबणाला, शेजाऱ्याच्या मोज्यांना लागतात. इथे घरासारखे बंद दार नसते. एका ओळीत तीसेक पलंग असतात आणि प्रत्येकाची वस्तू दुसऱ्याच्या हाताशी असते. आपण झोपतो ते लॉकरच्या कुलपाच्या भरवशावर नव्हे, शेजाऱ्याच्या भरवशावर. ‘काही वस्तू चोरल्या तरच लाभतात’ हे वाक्य सहावीत आलेल्या मुलाने सीनियर्सकडून ऐकू नये असे मला वाटते. आणि खरे सांगायचे तर, मागायला चोरण्यापेक्षा जास्त धीर लागतो, कारण समोरचा ‘नाही’ म्हणू शकतो.

म्हणून माझी सूचना अशी आहे. प्रत्येक हाऊसच्या व्हरांड्यात मनी प्लांटची एक मोठी कुंडी असावी. रविवारी हाऊस कॅप्टनने कात्री घेऊन, जो मागेल त्याला गाठीसह तुकडा कापून द्यावा. बारावीच्या मुलांनी शाळा सोडताना आपली कुंडी सहावीच्या एका मुलाला स्वतः नेऊन द्यावी. मोठ्या सुट्टीत कुंड्या मेट्रन मॅडमच्या सावलीतल्या ओट्यावर ठेवता येतील. पाणी घालण्याची विनंती मात्र आपणच जाऊन करायची. पालकांनाही एक विनंती: पुढच्या भेटीच्या रविवारी घरच्या वेलीचा तुकडा आणलात, तर पहिली कुंडी त्याच दिवशी भरेल.