बंदी म्हणजे शून्य टक्के कर

‘चायनाने टॅक्स वाढवलाय दादा, आपल्या हातात काय?’ हे वाक्य आता पुण्यातही ऐकू येतं, आणि ते व्हेपबद्दल असतं. ज्या देशात व्हेप बनवणं, आणणं, विकणं, साठवणं आणि त्याची जाहिरात करणं हे सगळं गुन्हा आहे, तिथे भाववाढीचं कारण म्हणून चीनचं करधोरण सांगितलं जातं, आणि घेणारा मान डोलावून जास्तीचे तीनशे रुपये देतो. माझं म्हणणं सरळ आहे. हे कारण जवळजवळ खोटं आहे, आणि ते खपतं याला आपला कायदा जबाबदार आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. परदेशातून माल मागवणाऱ्या दुकानदारांसाठी ‘लँडेड कॉस्ट’ काढणारी प्रणाली लिहिणं हे माझं काम. कारखान्याचा भाव, जहाजाचं भाडं, विमा, सीमाशुल्क, जीएसटी असं सगळं धरून वस्तू शेवटी कितीला पडली, हा आकडा ती देते. या कामाने एक सवय लावली आहे. कोणी ‘टॅक्समुळे महागलं’ म्हणालं की मी विचारतो: कुठला टॅक्स, कुठल्या कोडवर, कशाच्या किती टक्के?

तर आधी चीनने नेमकं काय केलं ते पाहू. चीनने व्हेपवर निर्यातकर बसवलेला नाही. चर्चा आहे ती करपरताव्याची. चीनमध्ये बहुतेक वस्तूंवर १३ टक्के मूल्यवर्धित कर आहे. कारखानदार कच्चा माल घेताना तो भरतो, आणि माल देशाबाहेर गेला की सरकार तो पूर्ण किंवा काही प्रमाणात परत करतं. बॅटऱ्यांवरचा हा परतावा १ डिसेंबर २०२४ पासून १३ वरून ९ टक्क्यांवर आला. जानेवारी २०२६ मध्ये पुढची घोषणा झाली: १ एप्रिल २०२६ पासून ६ टक्के आणि १ जानेवारी २०२७ पासून शून्य. व्हेपमध्ये बॅटरी असते, म्हणून व्हेप महाग. तर्क ऐकायला बरा वाटतो.

पण सीमाशुल्काच्या जगात वस्तू ओळखली जाते ती कोडने. सुटी लिथियम-आयन बॅटरी ८५०७.६० खाली येते, व्हेपचं उपकरण ८५४३.४० खाली आणि निकोटिन असलेली ओढायची उत्पादनं २४०४ खाली. परताव्याचा दर निर्यात होणाऱ्या वस्तूच्या कोडला लागतो, तिच्या पोटातल्या सुट्या भागांना वेगवेगळा लागत नाही. म्हणजे बॅटऱ्यांवरच्या कपातीची झळ मुख्यतः बॅटऱ्या सुट्या पाठवणाऱ्याला बसते.

वादासाठी विक्रेत्याचं सगळं मान्य करू. समजा, पूर्ण उपकरणावरचा अख्खा १३ टक्क्यांचा परतावा गेला आणि कारखानदाराने त्यातला एक पैसाही स्वतः सोसला नाही. हिशेबापुरता कारखान्याचा करविरहित भाव ४० युआन धरू. त्याचे १३ टक्के म्हणजे ५.२ युआन. एक युआन साधारण १२ रुपये धरला, तर बासष्ट रुपये. वाढ तीनशेची असेल तर उरलेले दोनशे अडतीस कोणी लावले? ते ना बीजिंगने लावले ना दिल्लीने. ते लावले मधल्या माणसाने, कारण त्याला विचारणारं कोणी नाही.

चीनवर राग धरायला वेगळी जागा आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून चीनमध्ये तंबाखूखेरीज इतर स्वादांचे व्हेप विकायला बंदी आहे. १ नोव्हेंबर २०२२ पासून उत्पादन आणि आयातीच्या टप्प्यावर ३६ टक्के आणि घाऊक विक्रीवर ११ टक्के उपभोगकर आहे. निर्यातीच्या मालाला मात्र या कराची सूट किंवा परतावा आहे, आणि स्वाद कोणता चालेल हे जिथे माल जाणार तिथल्या नियमांनी ठरतं. आपल्या घरातल्या पोरांना कलिंगड-लिची नको, दुसऱ्याच्या पोरांना चालेल! जगातली बहुतेक व्हेप ज्या शेन्झेनमधून निघतात, तिथल्या कारखान्यांचं गणित याच फरकावर उभं आहे.

यावर अर्थशास्त्र शिकलेला मित्र लगेच म्हणेल की यात वावगं काही नाही. उपभोगावरचा कर जिथे उपभोग होतो तिथे बसावा, हे जगमान्य तत्त्व आहे. जागतिक व्यापार संघटनेचे नियमही असा परतावा अनुदान मानत नाहीत. आपणही निर्यातीवर जीएसटी शून्यच ठेवतो. हे सगळं मला मान्य आहे. पण या तत्त्वाला दोन टोकं आहेत. निघताना कर उतरवायचा, तो पोचल्यावर दुसऱ्याने चढवावा म्हणून. पोचण्याच्या टोकाला कोणी उभंच नसेल तर ही तटस्थ व्यवस्था राहत नाही, मोकळं रान होतं.

ब्रिटन त्या टोकाला उभा राहिला. तिथे १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी आहे. बाकीच्यांच्या द्रव्यावर १ ऑक्टोबर २०२६ पासून दर १० मिलिलिटरला २.२० पौंड असा कर ठरला. २ मिलिलिटरच्या पॉडवर ४४ पेन्स, त्यावर २० टक्के व्हॅट धरून सुमारे ५३ पेन्स. हा कर किमतीच्या टक्क्यांत नाही, मिलिलिटरवर आहे, हे महत्त्वाचं. कारखान्याने भाव पाडला किंवा बिजकावर कमी रक्कम दाखवली, तरी हा कर कमी होत नाही. चीनने परतावा वाढवो की घटवो, त्या ५३ पेन्सला धक्का लागत नाही.

आपण काय केलं? सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश काढला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा केला. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. ओढणाऱ्याला स्वतंत्र शिक्षा नाही. कागदावर हा जगातल्या कडक कायद्यांपैकी एक आहे. माझ्या लँडेड कॉस्टच्या भाषेत मात्र त्याचा अर्थ असा: सीमाशुल्क शून्य, जीएसटी शून्य, उत्पादनशुल्क शून्य. पार्ले-जीच्या पुड्यावरही आपण कर भरतो. चीनमधून परतावा घेऊन निघालेलं आणि भारतात चोरून शिरलेलं व्हेप मात्र दोन्हीकडे करमुक्त असतं.

कराची जागा अर्थात रिकामी राहत नाही. तिथे जोखीम बसते: पकडलं जाण्याची, माल जप्त होण्याची, हप्त्याची. घेणारा जास्त पैसे देतोच, पण त्यातला रुपया ना ससूनला जातो ना कर्करोगाच्या उपचारांना. द्रव्यात निकोटिन किती, हे कोणी तपासत नाही. वापरून झालेलं व्हेप त्यातल्या लिथियम बॅटरीसकट ओल्या कचऱ्यात जातं. ई-कचऱ्याच्या नियमांत उत्पादकाची जबाबदारी सांगितली आहे, पण जी वस्तू कायद्याच्या लेखी बाजारातच नाही, तिचा उत्पादक आणणार कुठून?

बंदीने काहीच साधलं नाही, असं मी म्हणणार नाही. लंडनमध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर दिसतात तशी झगमगीत दुकानं इथे नाहीत, क्रिकेटच्या सामन्यात व्हेपची जाहिरात नाही. ही कमाई छोटी नाही. पण बंदीचा पुढचा प्रवास महाराष्ट्राला चांगला माहीत आहे. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि पुडी मिळते. सुट्या सिगारेटच्या विक्रीवर २०२० पासून बंदी आहे आणि टपरीवर सुट्टीच मागितली जाते. प्रत्येक वेळी बंदीची बातमी पहिल्या पानावर आली आणि अंमलबजावणी नाक्यावरच्या शिपायावर सोपवली गेली.

शिवाय ज्या तंबाखूने आपल्याकडे माणसं खरोखर मरतात, ती सिगारेट, विडी आणि मशेरी कायदेशीर आहेत. सिगारेटवर सरकार कर घेतं आणि देशातल्या सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीत आयुर्विमा महामंडळाची मोठी गुंतवणूक आहे. मग व्हेपवर संपूर्ण बंदी आरोग्यासाठी आहे हे पटवून घ्यायला जरा जास्तच श्रद्धा लागते.

‘मग कर लावून मोकळं करा’ असंही मी म्हणत नाही. ऑस्ट्रेलियाने सिगारेटवर प्रचंड कर लावला, २०२४ मध्ये एकदाच वापरायच्या व्हेपची आयात थांबवली आणि बाकीची औषधाच्या दुकानापुरती ठेवली. काळाबाजार इतका फुगला की मेलबर्नमध्ये टोळ्यांच्या भांडणात तंबाखूची दुकानं जाळली गेली. कर पेलवेनासा झाला की तोही बंदीसारखाच वागतो. म्हणून दर किती हा प्रश्न नाजूक आहे. तो आकडे पाहून, दरवर्षी तपासून ठरवायचा असतो. पण तपासायला आकडे लागतात, आणि आकडे कायदेशीर वस्तूचेच मिळतात.

माझी मागणी पर्यायी आहे. बंदी हवी असेल तर ती बंदरात आणि कुरिअरच्या गोदामात राबवा, आणि किती माल पकडला, किती खटले उभे राहिले, किती शिक्षा झाल्या हे राज्यवार दरवर्षी जाहीर करा. ते जमत नसेल तर परवाना असलेली मोजकी दुकानं, वयाची सक्त तपासणी, निकोटिनची कमाल मर्यादा, फळांच्या स्वादांना मनाई आणि मिलिलिटरवर कर, अशी व्यवस्था आणा. दोन्ही मार्गांत त्रास आहे. सध्याच्या तिसऱ्या मार्गात सरकारला त्रास नाही, म्हणून तो चालू आहे.

१ जानेवारी २०२७ ला बॅटऱ्यांवरचा परतावा शून्य होईल आणि ‘चायनाने टॅक्स वाढवलाय’ची नवी फेरी सुरू होईल. चीनने आपला हिशेब केलेला असेल, ब्रिटननेही केलेला असेल. आपल्या अर्थसंकल्पात या वस्तूच्या नावाची ओळसुद्धा नसेल. ती ओळ तोवर टपरीवाला भरत राहील, त्याला हव्या त्या आकड्याने.