अपूर्णांकांची शेकडेवारी आणि चेन्नईचे तलाव

अपूर्णांकास 100 ने गुणावे म्हणजे त्याची शेकडेवारी मिळते, हा नियम मुलांस पाच मिनिटांत सांगता येतो. तेवढ्यावर धडा संपविणे मात्र आम्हांस घातक वाटते. हे टक्के कशाचे, हा प्रश्न मुलाने आधी विचारावा. गुणाकार मागाहून करावा.

चेन्नईतील वृत्तपत्रे शहरास पाणी पुरविणाऱ्या तलावांतील साठा नेहमी छापतात. 2019 साली पूंडी, चोळवरम, पुळल व चेंबरम्बाक्कम या चार प्रमुख तलावांची क्षमता अनुक्रमे 3,231, 1,081, 3,300 व 3,645, म्हणजे एकूण 11,257 दशलक्ष घनफूट होती. या आकड्यांइतके चांगले उदाहरण क्रमिक पुस्तकात क्वचितच आढळेल. एकट्या चेंबरम्बाक्कमचा वाटा किती? मुलाने प्रथम अंदाज बांधावा: 11,257 चा तिसरा हिस्सा 3,750 च्या थोडा वर, तेव्हा उत्तर 33 टक्क्यांहून किंचित कमी असणार. मग खुशाल भागाकार करावा, 32.4 येतात.

असा अंदाज बांधण्याची शक्ती आपल्या जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाउणकी घोकून येत असे. तमिळ मुलेही काल, अरै, मुक्काल म्हणजे पाव, अर्धा, पाऊण यांचे पाढे म्हणत. घोकंपट्टीचे आम्ही चाहते नाही. परंतु पाव म्हणजे 25 व अष्टमांश म्हणजे साडेबारा हे तोंडी असावेच. 1 एप्रिल 1957 रोजी रुपयाचे 100 नवे पैसे झाले, तेव्हा साऱ्या देशासच हा हिशेब शिकावा लागला. चार आण्यांचे बरोबर 25 पैसे झाले. एका आण्याचे सव्वासहा न देता सहाच धरले गेले.

आता खरी अडचण. चोळवरम काठोकाठ भरलेला आणि पुळल कोरडा असेल, तर दोहोंत मिळून साठा किती? 100 व 0 यांची सरासरी काढून मूल 50 टक्के म्हणेल. प्रत्यक्षात 4,381 पैकी 1,081, म्हणजे 25 टक्क्यांहूनही कमी पाणी आहे. छेद निराळे असतील तर टक्क्यांची अशी सरासरी काढता येत नाही. तसेच खोलीचे. चेंबरम्बाक्कमची पूर्ण पातळी 24 फूट आहे. पण पट्टीवर 12 फूट दिसले म्हणून साठा निम्मा होत नाही. तलाव बशीसारखा वर रुंदावत जातो, म्हणून तो निम्म्याहून बराच कमी भरतो.

जून 2019 मध्ये या चार तलावांतील एकूण साठा 1 टक्क्याच्याही खाली गेला. 12 जुलै रोजी जोलारपेट्टैहून पाण्याची पहिली आगगाडी आली. तीत 25 लाख लिटर पाणी होते. शहरास त्या काळी रोज सुमारे 52.5 कोटी लिटर पाणी दिले जाई. म्हणजे ती गाडी एका दिवसाच्या पुरवठ्याचा दोनशेदहावा भाग, अर्धा टक्काही नव्हे. मात्र ज्या वस्त्यांस ते पाणी पोचले, त्यांच्या गरजेच्या ते किती टक्के असेल, हाही प्रश्न वर्गात अवश्य विचारावा. तेथे छेद बदलतो.