लेखापरीक्षणासाठी दिलेल्या कागदपत्रांची पोच मिळण्याबाबत व इतर मागण्यांबाबत निवेदन

प्रति,
मा. राज्यकर सहआयुक्त,
वस्तू व सेवा कर विभाग

विषय : जीएसटी लेखापरीक्षणात व्यापाऱ्यांनी सादर केलेल्या कागदपत्रांची पृष्ठसंख्येसह पोच मिळणे व अन्य मागण्या

संदर्भ :
१. गेल्या गुढीपाडव्यानंतर दिलेले आमचे निवेदन (उत्तर नाही)
२. गणेशोत्सवापूर्वी आपल्या दालनात झालेली बैठक (इतिवृत्त मिळालेले नाही)
३. दिवाळीनंतरचे स्मरणपत्र (उत्तर नाही)

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून, आमच्या बाजारपेठेतील कापड, किराणा, हार्डवेअर, इलेक्ट्रिकल व शेती अवजारांच्या व्यापाऱ्यांच्या वतीने हे निवेदन पुन्हा सादर करीत आहोत. ‘पुन्हा’ एवढ्यासाठी की यातली मुख्य मागणी आपल्याला नवी नाही. बैठकीत ती आपण स्वतः ऐकून घेतली, रास्त आहे असे म्हणालात आणि पंधरा दिवसांत पोचवही सुरू करतो असा शब्द दिलात. त्यानंतर गणपती गेले, दिवाळी गेली, २०२१-२२ या वर्षाचे आदेशही निघाले. पोचवही अजून सुरू झालेली नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे गैरसमज राहणार नाही. लेखापरीक्षण होऊ नये, अशी आमची मागणी नाही. आमच्या बाजारपेठेत ऑडिटची तयारी आता वर्षभर चालते. महिन्याच्या १४ तारखेला २बी आले की खरेदीचे रजिस्टर त्याच्याशी जुळवले जाते आणि बिल दिसत नसेल तर पुरवठादाराला फोन जातो. बरेच सभासद तर बिलातली कराची रक्कम २बीमध्ये दिसेपर्यंत रोखून ठेवतात. त्यावरून जुने व्यवहार तुटले, तेही सोसले. ऑडिटला काय विचारतात हे आता दुकानातल्या दिवाणजींनाही पाठ झाले आहे : ई-वे बिले आणि जीएसटीआर-१ यांतला फरक, आयकर विवरणपत्रातली उलाढाल आणि ३बीतली उलाढाल, ट्रकभाड्यावरचा रिव्हर्स चार्ज, भंगार विकले त्याचा कर, जुना टेम्पो विकला त्याचा कर, पुरवठादाराचे पैसे १८० दिवसांत दिले की नाही. या प्रत्येक प्रश्नाचा कागद आमच्याकडे असतो. तो आम्ही आपल्या कार्यालयात आणून देतो. अडचण त्यानंतर सुरू होते.

आमच्या एका हार्डवेअर व्यापारी सभासदाची हकीकत सविस्तर लिहीत आहोत. बैठकीच्या वेळी ती अर्धवट होती, आता पूर्ण झाली आहे. एडीटी-०१ मिळाल्यावर त्यांनी एप्रिल महिन्यात मागितलेले सगळे कागद टेम्पोतून कार्यालयात आणले. खरेदीची बिले महिनावार दोऱ्याने बांधलेली, त्यांना लावलेल्या बिल्ट्या, बँकेचे उतारे आणि २ए मध्ये न दिसणाऱ्या खरेदीसाठी पुरवठादारांकडून मिळवलेली प्रमाणपत्रे. ही प्रमाणपत्रे कशी मिळतात, याची कल्पना कार्यालयात बसून येत नाही. १७ जुलै २०२३ चे परिपत्रक कागदावर सोपे दिसते. ज्याच्याकडून माल घेतला त्याने दरम्यान दुकान बंद केलेले असते, नाहीतर भाऊ वेगळे झालेले असतात. पाच लाखांवरचा फरक असेल तर त्याच्या चार्टर्ड अकाउंटंटची सही हवी आणि त्यावर यूडीआयएन हवा. दुसऱ्याच्या अकाउंटंटला आपल्यासाठी सही करायला लावणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. आमच्या सभासदाने ती सगळी मिळवली. सळईच्या गाड्यांच्या वजनकाट्याच्या पावत्याही जोडल्या. थर्मल कागदावरच्या या पावत्या दोन-तीन वर्षांत कोऱ्या होतात म्हणून त्यांनी माल आला त्याच वेळी झेरॉक्स काढून मूळ पावतीला टाचून ठेवल्या होत्या. इतकी दक्षता घेणारा करदाता विभागाला आणखी कुठे मिळणार, ते आपणच सांगावे.

त्यांनी पोच मागितली. ‘खोके ठेवून जा, बघून कळवतो’ असे उत्तर मिळाले. पुढे आणखी दोनदा कागद मागवले, तेही दिले. त्यांची नोंद अधिकाऱ्यांच्या डायरीत पेन्सिलीने झाल्याचे आमच्या सभासदाने डोळ्यांनी पाहिले आहे. मे अखेरच्या बदल्यांमध्ये ते अधिकारी गेले, बहुधा डायरीही त्यांच्याबरोबर गेली. नव्या अधिकाऱ्यांनी सुरुवातीपासून सगळे मागितले. आधी दिले आहे म्हटल्यावर ‘माझ्याकडे चार्जमध्ये काही आलेले नाही’ असे सांगितले. मूळ कागद कार्यालयात आणि मागणीही कार्यालयाचीच, अशा स्थितीत दुकानदाराने दुसऱ्यांदा काय आणायचे? ऑगस्टमध्ये एडीटी-०२ आले. त्यात ‘करदात्याने अभिलेख सादर केले नाहीत’ असा शेरा होता आणि ज्या खरेदीला प्रमाणपत्रे जोडली होती तिचे संपूर्ण इनपुट क्रेडिट नाकारलेले होते.

येथे एक प्रश्न आदरपूर्वक विचारतो. लेखापरीक्षण कागद मिळाल्यावर किंवा दुकानावर प्रत्यक्ष तपासणी सुरू झाल्यावर, यांतले जे नंतर होईल तेव्हा सुरू झाले असे धरायचे, हे आम्ही आपल्याला सांगायला नको. कागद मिळालेच नाहीत आणि दुकानावर कुणी आले नाही, तर हे लेखापरीक्षण कोणत्या तारखेला सुरू झाले? सुरूच झाले नसेल तर तीन महिन्यांत पूर्ण कसे झाले? एडीटी-०२ मध्ये प्रारंभाची तारीख एप्रिलमधली लिहिली आहे. म्हणजे मुदत मोजायला कागद मिळाले होते आणि क्रेडिट द्यायला मिळाले नव्हते. हा मुद्दा आम्ही बैठकीत मांडला तेव्हा आपण संबंधितांना दालनात बोलावून ‘तपासून घ्या’ म्हणालात. तपासले गेले नाही.

सप्टेंबरात डीआरसी-०१ आली. २०२१-२२ साठी नोटीस काढण्याची मुदत ३० सप्टेंबर २०२५ ला संपत होती, त्यामुळे त्या पंधरवड्यात आमच्या बाजारपेठेत नोटिशींचा पाऊस पडला. हा काळ कोणता होता? २२ सप्टेंबर, घटस्थापनेचा दिवस, जीएसटीचे नवे दर लागू. शेल्फवरच्या प्रत्येक वस्तूचा दर बदलायचा, बिलिंगचे सॉफ्टवेअर बदलायचे. त्यातच आयकराच्या टॅक्स ऑडिटची मुदत तोंडावर, ती वाढल्याचे कळले २५ तारखेला. एकही अकाउंटंट फोन उचलत नव्हता. तरीही आमच्या सभासदाने मुदतीत उत्तर दिले, कागद कधी दिले ते लिहिले, सोबत टेम्पोभाड्याची पावतीसुद्धा जोडली. डिसेंबरातल्या आदेशात एकच वाक्य आहे : सादर केल्याचा पुरावा नाही. कर, त्यावर १८ टक्क्यांनी व्याज आणि दंड.

आदेश निघाल्यानंतर त्याच कार्यालयातल्या एका शिपायाला जिन्याखालच्या रद्दीत ते खोके दिसले. खोक्यावर दुकानाचे नाव निळ्या स्केचपेनने लिहिलेले होते, म्हणून ओळखू आले. दोरे तसेच बांधलेले होते. एकही गाठ सोडलेली नव्हती. खोके घेऊन आमचे सभासद अधिकाऱ्यांकडे गेले तेव्हा ‘आता आदेश झाला, हे अपिलात दाखवा’ असे सांगण्यात आले. अपिलासाठी वादातल्या कराच्या १० टक्के रक्कम आधी भरायची. जो कागद एप्रिलपासून कार्यालयातच पडून होता, तो दाखवण्यासाठी.

हा एकच प्रकार असता तर आम्ही तो अपिलावर सोडला असता. आमच्या कापड व किराणा विभागातल्या सभासदांचेही असेच अनुभव आहेत. ते त्यांच्या सहीनिशी सोबत जोडले आहेत. पोच मागितली की अधिकारी ‘पोर्टलवर अपलोड करा’ म्हणतात. अपलोड करायला गेले की फाइलच्या आकाराची मर्यादा आड येते. तुकडे करून चढवले तर ‘अस्पष्ट आहे, मूळ प्रत आणा’ असा निरोप येतो, आणि मूळ प्रत आणली की गाडी पुन्हा जिन्याखाली. आमच्यातले जुने व्यापारी सांगतात की विक्रीकराच्या दिवसांत आवक टपालाच्या खिडकीवर जांभळा शिक्का मारून मिळायचा. तेव्हा संगणक नव्हते, पण शिक्का होता.

म्हणून आमची पहिली आणि मुख्य मागणी पुढीलप्रमाणे आहे.

१. लेखापरीक्षणासाठी दिलेल्या प्रत्येक कागदाची, यादी व पृष्ठसंख्येसह, स्वीकारणाऱ्याचे नाव, पदनाम, तारीख व शिक्का असलेली पोच त्याच वेळी द्यावी. यादी आम्ही दोन प्रतींत तयार करून आणू, कार्यालयाला लेखणी उचलण्याखेरीज काही करावे लागणार नाही. अधिकाऱ्याची बदली झाल्यास ही यादी चार्जच्या कागदपत्रांत समाविष्ट करावी आणि नव्या अधिकाऱ्याने ती स्वीकारल्याची सही घ्यावी. मूळ कागद काम संपताच परत करावेत. ‘अभिलेख सादर केले नाहीत’ असा शेरा मारण्यापूर्वी पोचवही तपासल्याची नोंद एडीटी-०२ मध्येच असावी. वर उल्लेख केलेल्या हार्डवेअर व्यापाऱ्याच्या प्रकरणात खोके कार्यालयातच सापडल्याचे पत्र आपल्या सहीने मिळावे, म्हणजे अपिलात ते जोडता येईल. हे पत्र आम्ही तोंडी मागितले तेव्हा ‘लेखी मागा’ म्हणून सांगितले गेले. हे घ्या लेखी.

२. पुरवठादाराचे प्रमाणपत्र नाकारायचे असेल तर त्यात काय कमी आहे ते लिहून द्यावे. ‘समाधानकारक नाही’ एवढ्याने आम्हाला काही कळत नाही.

३. नोटीस पोर्टलवर ‘ॲडिशनल नोटिसेस’ या कप्प्यात टाकून गप्प बसू नये, व्यापाऱ्याच्या स्वतःच्या मोबाइलवर एक फोन करावा. नोंदणीच्या वेळचा ईमेल बहुतेकांचा जुन्या करसल्लागाराचा आहे. (तो बदलून घेण्याची मोहीम आम्ही आमच्याकडून सुरू केली आहे.)

४. ऑडिटच्या तयारीबाबत मराठीतून कार्यशाळा घेण्याचे आपण बैठकीत मान्य केले होते. सभागृह, खुर्च्या, चहा आमचा. तारीख द्यावी.

५. कागद मागायचे ते एकदाच, एकत्र यादी करून मागावेत.

२०२२-२३ च्या नोटिशींची मुदत येत्या ३० सप्टेंबरला आहे, म्हणजे हाच प्रकार पुन्हा घडायला फार अवकाश नाही. पोचवहीबाबतचे लेखी परिपत्रक ३१ मे च्या आत, बदल्या होण्यापूर्वी निघावे, ही आग्रहाची विनंती. तोंडी आश्वासन या वेळी आम्ही स्वीकारू शकणार नाही, क्षमस्व. परिपत्रक न निघाल्यास १ जूनपासून एकही सभासद पोच मिळाल्याशिवाय कागद सोडणार नाही; अधिकाऱ्यांनी ते दुकानावर येऊन तपासावेत, बसायला जागा व पाणी मिळेल. विलंबाची जबाबदारी तेव्हा आमच्यावर टाकू नये.

आपल्या कार्यालयातले काही अधिकारी आजही मागताच पोच देतात, हे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे. त्यांना कोणत्याही परिपत्रकाची गरज पडलेली नाही.

कळावे, लोभ असावा.

आपले विश्वासू,
अध्यक्ष व सचिव,
व्यापारी संघटना
(सभासदांच्या सह्या सोबत)

सोबत : १. पूर्वीचे निवेदन व स्मरणपत्र यांच्या प्रती २. सभासदांचे सहीनिशी अनुभव ३. खोक्याचे छायाचित्र ४. पोचवहीचा नमुना, छापण्यासाठी तयार

प्रत माहितीस्तव : मा. राज्यकर आयुक्त