वाईन द्राक्षाच्या बागायतदाराला धोरणात जागा हवी : मागणीपत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

2001 च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणामुळे या राज्यात वाईन उद्योग उभा राहिला, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क झाले. आम्ही वाईन द्राक्ष बागायतदार आणि लहान वायनरीचालक हे मोकळेपणाने मान्य करतो. पण त्या धोरणाचा लाभ वायनरीच्या फाटकापाशी थांबतो. बाग बाहेरच राहते.

खाण्याच्या थॉम्पसन द्राक्षाचा भाव पडला तर माल बेदाण्याला तरी जातो. शिराझ, कॅबरने या वाईनच्या वाणांचे मणी बारीक, जाड सालीचे, बियांचे. ते ना बेदाण्याला चालत, ना हातगाडीवर. त्यांना गिऱ्हाईक एकच, वायनरी. 2008 च्या मंदीत आणि मुंबईवरील हल्ल्यानंतर खप आटला, वाईन टाक्यांत पडून राहिली आणि अनेकांनी उभ्या बागा तोडल्या. नवी बाग पुऱ्या पिकाला यायला तीन वर्षे लागतात, तोवरचे कर्ज शेतकऱ्याच्याच नावावर असते.

म्हणून आमची मुख्य मागणी कराराची आहे. किमान भाव, ब्रिक्सप्रमाणे (म्हणजे गोडीप्रमाणे) वाढीव दर आणि पैसे देण्याची मुदत लिहिलेला करार खरड छाटणीआधी व्हावा, त्याची नोंद कृषी विभागाकडे असावी. वजन आणि गोडीची मोजणी बागायतदारासमोर व्हावी. वाईनवरील 20 टक्के व्हॅटपैकी 16 टक्के परत देण्याची योजना आहे. हा परतावा बागायतदाराचे पैसे चुकते झाल्याचा दाखला पाहूनच द्यावा. मात्र दाखला आल्यावर परतावा 60 दिवसांत मिळालाच पाहिजे. तो रखडला की लहान वायनरीचे खेळते भांडवल अडकते आणि शेवटी थकतो तो शेतकरीच.

अवकाळी पावसात सडलेल्या मालाचा फळपीक विमा ठरवताना वाईन द्राक्षाला दुसरी बाजारपेठ नाही, हे धरावे.

जानेवारी 2022 मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विक्रीला मान्यता दिली, विरोध झाला, निर्णय अमलात आला नाही. तो जसाच्या तसा आणा, असा आमचा हट्ट नाही. दारूने मोडलेले संसार आमच्याही गावांत आहेत. पण वायनरीच्या आवारातली थेट विक्री आणि पर्यटन यांसाठी एकच सोपा परवाना देण्यात अडचण नसावी.

ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार 29 डिसेंबर 2022 पासून लागू आहे. त्यानुसार तिथल्या वाईनच्या पाच डॉलरवरच्या बाटलीचे आयात शुल्क 150 वरून लगेच 100 टक्क्यांवर आले, दहा वर्षांत ते 50 वर येईल. किमान किमतीची ही अट हाच आमच्या स्वस्त वाईनचा आडोसा आहे. पुढच्या कोणत्याही करारात ती सैल होऊ नये, यासाठी राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा. घाऊक आयात केलेली वाईन इथे बाटलीत भरल्यास द्राक्ष कुठल्या देशाचे, हे लेबलवर मराठीतही ठळक छापले जावे.

बाग ठेवायची की काढायची, हे शेतकरी एप्रिलच्या खरड छाटणीआधी ठरवतो. त्यापूर्वी कृषी, उत्पादन शुल्क आणि वित्त या तिन्ही विभागांची आमच्यासोबत एकत्र बैठक बोलवावी, ही विनंती.

आपले,
वाईन द्राक्ष बागायतदार आणि लहान वायनरीचालक