घरीं शिकविणें आणि घरीं ठेवणें

मुलांस शाळेंत न घालतां घरींच शिकवावें, असें ज्या पालकांच्या मनांत घोळत असेल त्यांस आम्हांस दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. गृहशिक्षण आपणांस नवें नाहीं. पंडिता रमाबाईंस संस्कृत विद्या मातेनें दिली. सावित्रीबाईंस जोतीरावांनीं घरीं शिकविलें. परंतु ती विद्या घरांत कोंडून राहिली नाहीं. १८४८ सालीं सावित्रीबाई पुण्यांत मुलींच्या शाळेंत शिकवूं लागल्या.

आतां कायदा पाहा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या पाल्यास जवळच्या शाळेंत घालणें हें पालकांचें कर्तव्य ठरविलें आहे. गृहशिक्षणाची वेगळी तरतूद त्यांत नाहीं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावीची परीक्षा देतां येते, पण चौदा वर्षें पूर्ण झाल्यावरच.

हिंजवडीच्या सुशिक्षित घरांत पुस्तकें मिळतील. परंतु त्याच मुळशी तालुक्यांत धरणापलीकडील वाडीवरची मुलगी घरीं राहिली, तर तिच्या हातीं पाटीऐवजीं धाकटें भावंडच येईल. रोज शिकविण्यास कोण बसणार, सोबती कोठें मिळणार, परीक्षा कोणती देणार, या तीन प्रश्नांचीं उत्तरें ज्यांस देतां येत नाहींत, त्यांनीं मूल शाळेंतच धाडावें आणि ती शाळा सुधारण्यास झटावें.